फ्रीमाँटहून आलेला पुरोहित

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी टुरिस्ट नाही. कधीच नव्हतो! टुरिस्ट म्हणजे गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि बसमधून उतरल्या उतरल्या "बाथरूम कुठंय?" विचारणारा प्राणी. मी प्रवासी. प्रवासी माणूस बाथरूम स्वतः शोधतो.

हे मी पहिल्यांदा जाहीर केलं ते राजेशच्या घरी, सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये. राजेश माझ्याच कंपनीत, सांता क्लाराला. तो आणि त्याची बायको दीपा बालीला जाऊन आले होते आणि फ्रीमाँटमधल्या आम्हा चार कुटुंबांना जेवायला बोलावून व्हिडिओ कॅसेट दाखवत होते. दोन तासांची कॅसेट! पहिला अर्धा तास हॉटेलचा स्विमिंग पूल. मग बाल्कनीतून दिसणारा तोच स्विमिंग पूल. मग स्विमिंग पुलात राजेश, तेल न तापताच कढईत सोडलेल्या वड्यासारखा. शेवटी पाच मिनिटं एक देऊळ, तेही थरथरत, कारण बस चालू होती.

"सगळं छान आहे रे, पण यात बाली कुठंय?" मी विचारलं.

"म्हणजे? मग हे काय आहे?"

"हा पूल आहे यार! खरी बाली म्हणजे गावं, माणसं, शांतता. कुता बीचवर सनीव्हेलपेक्षा जास्त अमेरिकन असतात. आम्ही जाऊ ना, तर हॉटेल नाही, बस नाही, गाइड नाही. लोकल माणसांच्या घरी, त्यांच्यातलेच एक होऊन राहणार!"

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. पडल्या नाहीत. माझी बायको प्रतिमा भजी खाता खाता थांबली आणि तिने माझ्याकडे एकदाच बघितलं.

त्या बघण्याला कारण होतं. प्रतिमा रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी फ्रीवे, दिवसभर सुया, संध्याकाळी पुन्हा फ्रीवे, मग पोळ्या. वर्षाची दहा दिवसांची सुट्टी, आणि तिची अपेक्षा अगदी साधी. "मला कुणीतरी अंथरूण घालून द्यावं, चहा हातात आणून द्यावा, आणि मी काही करायला उठले की मला परत खाली बसवावं. बस्स!" त्यासाठी तिने उबुद गावातलं एक हॉटेल स्वतः शोधलं होतं, स्वतः फोन करून बुक केलं होतं. भातशेतीकडे उघडणारी खोली, मोठा बाथटब, नाश्ता पलंगावर. ब्रोशर दोन महिने फ्रिजवर लावलेलं होतं.

ते बुकिंग मी कॅन्सल केलं. तिला न सांगता. असं बघू नका, हेतू थोर होता!

आमच्या टेस्टिंग टीममध्ये केतुत नावाचा इंजिनिअर होता. मूळचा बालीचाच. त्याचं गाव उबुदच्या पुढे तासाभरावर, डोंगरात. केतुत कधी कुणाला 'नाही' म्हणायचा नाही, त्यामुळे त्याच्याकडून खरी माहिती काढणं म्हणजे बंद नळातून पाणी काढणं.

"केतुत, तुझ्या गावात टुरिस्ट येतात?"

"फारसे येत नाहीत."

"हॉटेल?"

"हॉटेल असं नाही."

"मग आहे तरी काय?"

केतुतने बराच विचार केला. "कोंबडे," तो म्हणाला.

"परफेक्ट!" मी टेबलावर हात आपटला.

केतुतची मावशी त्या गावात मोठ्या अंगणाच्या घरात राहायची. गावात फोन एकच, किराणा दुकानात. केतुतने माझ्यासमोरच ऑफिसातून फोन लावला आणि रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "तुझ्याबद्दल काय सांगू?"

"सांग, इंडियाचा आहे. अमेरिकेचं बोलू नकोस, उगाच टुरिस्ट समजतील."

"धर्म?"

"बुद्धिस्ट."

"नावाचा अर्थ काय? ते विचारतायत."

"धम्मदीप. धम्माचा दिवा."

केतुत फोनवर बोलला. मला तीनच शब्द कळले. इंडिया, बुदा, धर्म. पलीकडे मग असा गलका उठला की केतुतने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

"काय झालं?"

"आनंद झालाय त्यांना. खूप."

मलाही झाला. माणसं अशी हवीत! पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या कॉम्प्लेक्समधले लोक फक्त पार्किंगची चौकशी करतात.

प्रतिमाला हॉटेलचं मी विमानात सांगितलं. खाली पॅसिफिक महासागर होता, ती खिडकीपाशी होती, त्यामुळे तिला कुठे निघून जाता येणार नव्हतं. मलाही जाता येणार नव्हतं, हे सांगून झाल्यावर लक्षात आलं. ती काहीच बोलली नाही. विमान उतरेपर्यंत नाही, उतरल्यावरही नाही. आमची तेरा वर्षांची दीक्षा मधल्या सीटवर होती. तिने हेडफोन काढला, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डॅड, यू आर सो डेड." आणि हेडफोन परत लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप डोंगर चढून गावाच्या वेशीवर पोचली आणि माझी छाती दोन इंच फुगली. दीडदोनशे माणसं रांगेत उभी! घणाघण घंटा आणि झांजा वाजतायत, बायकांच्या डोक्यांवर फळांचे हातभर उंच मनोरे, आणि एक माणूस लांब दांड्याची पिवळी छत्री घेऊन धावत येतोय!

"बघ! याला म्हणतात स्वागत! हॉटेलात मिळालं असतं?" मी प्रतिमाला म्हणालो.

छत्री माझ्या डोक्यावर धरली गेली. फक्त माझ्याच.

"छत्री तुझ्या एकट्यावर का?" हे प्रतिमाचं एका दिवसातलं पहिलं वाक्य.

"घरातला कर्ता पुरुष म्हणून असेल."

"पाऊस नाहीये," ती म्हणाली.

केतुतची मावशी पुढे आली. इबू वायान. इबू म्हणजे आई. सत्तरीची, वाळक्या खारकेसारखी, आणि डोळ्यांत पाणी. तिने माझ्यापुढे हात जोडून इतकं खाली वाकून नमस्कार केला की मीही वाकलो, मग ती अजून वाकली, मग मी. आमची डोकी आपटणार तेवढ्यात न्योमान मास्तर मध्ये पडले. हे गावातले निवृत्त शाळामास्तर. साऱ्या गावात इंग्रजी येणारे तेवढेच. एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखे ते सावकाश म्हणाले, "आपण आलात. आमचं भाग्य."

अंगणातल्या सगळ्यात उंच चौथऱ्यावरच्या मांडवात मला बसवलं. नेसायला पांढरंशुभ्र वस्त्र दिलं. लोकल ड्रेस! मी आनंदाने नेसलो. बाकी कुणीच पांढरं नेसलेलं नव्हतं, हे दिसलं होतं, पण दिसणं आणि कळणं यात माझ्या बाबतीत थोडं अंतर असतं. मग जेवण. खाली अंगणात अख्खं डुक्कर विस्तवावर खरपूस भाजलं जात होतं. त्याचा वास असा दरवळत होता की माझ्यातला नागपूरकर कासावीस झाला. दीक्षा गावातल्या पोरींबरोबर बसून दोन्ही हातांनी खात होती! आणि माझ्यापुढे आलं पांढरा भात, उकडलेली भाजी, बदकाचे दोन तुकडे. एकट्याला, उंचावर, सगळे लांबून बघतायत.

"पाहुण्यांना पचायला हलकं देतात," मी स्वतःला सांगितलं.

सकाळी कोंबड्यांनी उठवलं. बाहेर आलो तर मांडवाखाली रांग. एकाने नवी मोटरसायकल आणलेली, एकीने शिवणाचं मशीन, एकीच्या कडेवर तान्हं बाळ. मला वाटलं, पाहुण्याला आपापल्या आवडत्या वस्तू दाखवायची पद्धत असेल. मी प्रत्येक वस्तूला हात लावून "व्हेरी गुड! व्हेरी गुड!" म्हणू लागलो. इबू वायानने माझ्यापुढे फुलं घातलेल्या पाण्याचं भांडं ठेवलं. बोटं धुवायला असणार! मी बोटं बुडवून झटकली. पाणी मोटरसायकलवर उडालं. साऱ्या रांगेने हात जोडले. मोटरसायकलवाला तर रडलाच.

"मंत्र?" मास्तरांनी हळूच विचारलं.

मंत्र? का नाही! आजीने सहाव्या वर्षी माझ्याकडून त्रिशरण आणि पंचशील पाठ करून घेतलं होतं. मी खणखणीत आवाजात म्हटलं. म्हाताऱ्या बायका पदरासारख्या कापडाने डोळे पुसू लागल्या. मला वाटलं, ही खरी देवाणघेवाण! राजेशच्या कॅसेटमध्ये आहे का असं काही?

आता प्रतिमाचं ऐका. तिला पहिल्या दिवसापासून कुणी काडी उचलू देत नव्हतं. अंथरूण घालायला दोघी, चहा हातात द्यायला एक, पाय चेपायला एक. ती उठली की चौघी धावून तिला खाली बसवायच्या. दुसऱ्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलायला लागली. चक्क हसून!

"धम्मदीप, हे लोक तुला कोण समजतायत?"

"कोण म्हणजे? पाहुणा."

"पाहुण्याने पाय धुतलेलं पाणी कुणी बाटलीत भरून घरी नेत नाही."

"कोणी नेलं?"

"सकाळपासून सात बाटल्या मोजल्या मी."

"मी मास्तरांना विचारतो."

"विचार ना. पण उद्या विचार," ती उशीवर रेलून म्हणाली. "आज माझ्या केसांना तेल लावायचंय त्यांना."

तिसऱ्या दिवशी सकाळी विचारायची वेळच आली नाही. मला पिवळ्या छत्रीखालून दुसऱ्या चौथऱ्यावरच्या मांडवात नेलं. तिथे एका लांब पलंगावर सहा मुलंमुली जरीचे कपडे घालून उताणी झोपलेली, तोंडं उघडी. आणखी सहा भिंतीशी वाट बघत. मास्तरांनी पितळेचं तबक माझ्यापुढे धरलं. तबकात तांदूळ, फुलं, आणि एक कानस. लोखंड घासायची असते ना, तशी. छोटी, पण कानसच!

"सुरू करावं," मास्तर म्हणाले.

"काय सुरू करावं?"

"दात. वयात आलेल्या मुलांचे, वरचे सहा. काम, क्रोध, लोभ, मद, मोह, मत्सर. आपण घासून सपाट करायचे. फार दिवस आम्ही योग्य माणसाची वाट बघत होतो."

बारा मुलं, प्रत्येकी सहा दात, म्हणजे बहात्तर दात! फ्रीमाँटला मी भिंतीत एक स्क्रू लावतो तर प्लास्टर खाली येतं. एवढ्यात इबू वायान दीक्षाचा हात धरून तिला कौतुकाने पलंगाकडे घेऊन आली. तेरावी, मानाची! आणि दीक्षाने घाबरून तोंड उघडलं मात्र, सगळा गाव पुढे झुकला. दोन वर्षांपासून तिच्या दातांना ब्रेसेस होत्या. वरखाली चकाकणारी तार! लोक आदराने कुजबुजू लागले. मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "इंडियात हे लोखंडाने बांधतात वाटतं. फार कडक व्रत."

"मॉम!" दीक्षा किंचाळली. "ही इज नॉट टचिंग माय ब्रेसेस!"

प्रतिमा तेलकट केसांनी, केळीच्या पानात काहीतरी खात, धावत आली.

"मास्तर, थांबा!" मी म्हणालो. "तुम्ही मला नक्की कोण समजताय?"

मास्तर गोंधळले. "केतुतने फोनवर सांगितलं. आपण बुदा. आमच्याकडे दोन तऱ्हेचे मोठे पुरोहित असतात. शिवाचे आणि बुदाचे. दोघेही जन्माने ब्राह्मण. आपण तर थेट इंडियातले बुदा. सगळ्यात वरचे ब्राह्मण."

इथे मात्र मला हसू आलं नाही. माझे आजोबा भानुदास. नागपूरपासून तीस मैलांवरच्या खेड्यात त्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, विहिरीला हात लावू दिला नाही. छप्पन साली ते आजीला आणि अठरा वर्षांच्या माझ्या बाबांना घेऊन चालत दीक्षाभूमीवर आले आणि त्या सगळ्याला पाठ फिरवून बौद्ध झाले. ज्या शिडीच्या तळाशी त्यांना जन्मभर बसवलं होतं, तिला लाथ मारून ते निघून गेले. आणि त्यांचा नातू त्याच शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, डोक्यावर पिवळी छत्री आणि हातात कानस घेऊन उभा होता! विमानाचं तिकीट काढून गेला होता!

मी कानस तबकात ठेवली.

"मास्तर, मी पुरोहित नाही. ब्राह्मण तर नाहीच. मी अमेरिकेत कॉम्प्युटर प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. माझ्या आजोबांना आमच्या गावच्या देवळात पाय ठेवायची परवानगी नव्हती. आम्ही बुद्धाकडे गेलो ते म्हणूनच. मी तुम्हाला फसवायला आलो नव्हतो. मला आधीच कळायला हवं होतं."

मास्तरांनी भाषांतर केलं. फार हळू केलं. घंटा थांबल्या. पिवळी छत्री माझ्या डोक्यावरून जरा बाजूला झाली, मग परत आली, मग धरणाऱ्याला काय करावं सुचेना म्हणून मध्येच तरंगत राहिली. आता जीपही नव्हती. हाकलून दिलं तर डोंगर पायी उतरायचा.

इबू वायान माझ्याजवळ आली. खालून वर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मास्तरांना काहीतरी विचारलं.

"ती म्हणते," मास्तर म्हणाले, "मग तुम्ही खाली बसून आमच्याबरोबर जेवाल का? तीन दिवस तुम्ही तिच्या हातचं डुक्कर खाल्लं नाही. तिला वाईट वाटत होतं, पण पुरोहिताला विचारणार कसं?"

मी होकारार्थी मान हलवली. चौथऱ्यावरून खाली उडी मारली, पांढऱ्या वस्त्रात पाय अडकून सरळ तिच्या पायाशी पडलो, आणि मग मात्र सगळं अंगण हसलं. मास्तरही हसले. "आम्हाला जाबा म्हणतात," ते म्हणाले. "जाबा म्हणजे बाहेरचे. ब्राह्मण या गावात एकही नाही. सगळे बाहेरचेच!" आणि त्यांनी मला हात देऊन उठवलं. सगळ्या प्रवासात मला कुणी बरोबरीने हात दिला तो तेव्हा पहिल्यांदा.

तेवढ्यात गर्दीतून मोटरसायकलवाला पुढे आला. चेहरा पडलेला.

"तो विचारतोय, त्याच्या गाडीचं काय?" मास्तर म्हणाले.

"चालतेय का?"

"चालतेय."

"मग असू द्या."

दुपारी मी इबू वायानच्या शेजारी मातीत मांडी घालून जेवलो. एवढं जेवलो की मास्तरांनी इंडियात दुष्काळ आहे का म्हणून विचारलं. शेजारच्या गावातल्या खऱ्या पुरोहिताला निरोप गेला. दात घासायचा विधी दुसऱ्या दिवशी ठरला, आणि त्याला पंचक्रोशीतले तीनशे पाहुणे. आणि इथेच मला आपल्या विजयाची किंमत कळली. पुरोहित नाही, म्हणजे घरचा माणूस. घरचा माणूस, म्हणजे कामाला!

पहाटे प्रतिमाला दोघींनी येऊन उठवलं. चहा देतील म्हणून तिने हात पुढे केला. त्यांनी हातात सुरी दिली. मांडवात लसणाचा असा ढीग होता की पलीकडची बाई दिसत नव्हती. जाता जाता प्रतिमा माझ्याकडे वळून म्हणाली, "आणखी एक दिवस गप्प बसला असतास, तर काय बिघडलं असतं, महाराज?"

महाराज! ती हाक मला पुढचे सहा दिवस होती.

माझ्या वाट्याला नारळ आले. शंभर नारळ. जमिनीवर बसून, हातात पत्र्याची खवणी धरून खोवायचे. अंगाला पंचा, खांद्याला गमछा, कपाळाला इबूने चिकटवलेले तांदळाचे दाणे. तिसाव्या नारळाला बोट कापलं. पन्नासाव्याला डावा पाय बधिर झाला, साठाव्याला उजवा. मी हालचाल बंद केली, डोळे अर्धवट मिटले आणि फक्त श्वास घेत राहिलो.

तेव्हा वेशीपाशी एक मिनीबस थांबली. बसवर इंग्रजीत 'अनोळखी बाली' असं लिहिलेलं होतं. त्यातून अर्धी चड्डी घातलेली एक गोरी बाई उतरली, गळ्यात माझ्या दंडाएवढ्या लेन्सचा कॅमेरा. अंगणात आली आणि मला बघून जागीच थबकली.

"ओ हेन्री," ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली. "त्या माणसाच्या चेहऱ्यावरची शांती बघ. असा चेहरा कॅलिफोर्नियात बघायला मिळत नाही!"

खरं तर मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पण बाई इतक्या लांबून काहीतरी खरं बघायला आली होती. तिचा हिरमोड कशाला करा? शिवाय, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी चेहरा आणखी शांत केला. मान किंचित तिरकी केली. खवणी उजेडात धरली. तिने चार फोटो काढले. पाचव्यासाठी ती माझ्यासमोर मातीत गुडघे टेकून बसली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या!

"डॅड!" दीक्षा स्वयंपाकघरातून ओरडली. "मॉम सेज फॉर्टी मोअर कोकोनट्स! अँड स्टॉप पोझिंग!"

बाईचा कॅमेरा खाली आला. "तुम्ही कुठले?"

"फ्रीमाँट," मी म्हणालो. "आणि तुम्ही?"

"मिल्पीटस," ती म्हणाली.

म्हणजे आमच्या घरापासून पंधरा मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिने घसा खाकरला, आणि अगदी सभ्यपणे, हाताने दाखवत विचारलं, "जरा बाजूला सरकता का, प्लीज? मला खऱ्या माणसांचा फोटो काढायचाय."

सरकलो असतो हो. पण दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी तिने आणि हेन्रीने मला काखेत धरून उचललं आणि नारळांसकट बाजूला ठेवलं.